उजव्या बाजूचं लॉक

उजव्या बाजूचा शेवटचा स्क्रू निघाला, लॉक अलगद तळहातावर आलं आणि परशराम मिस्त्रीच्या पोटात कळ उठली. एकोणसाठाव्या वर्षी पोटात कळ उठली तर माणसानं तिला पित्त म्हणावं, गॅस म्हणावं, सकाळी बायकोनं वाढलेल्या कालच्या आमटीला नावं ठेवावीत. परशरामनंही घटकाभर तेच करून पाहिलं. पण ही कळ कसली ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पस्तीस वर्षांची ओळख होती तिची. रवळूचं नाव निघालं की ती उठायची. रवळू म्हणजे त्याचा पाठचा भाऊ, दोन वर्षांनी धाकटा, सध्या मुक्काम निपाणी, धंदा फॅब्रिकेशनचा. आता इथं बेळगावच्या कॅम्पातल्या बंदुकांच्या दुकानात, भर सकाळी अकरा वाजता, रवळूचं नाव कुणीही काढलेलं नव्हतं. समोर टेबलावर फक्त एक जुनी दुनळी उघडी पडलेली होती आणि हातात तिचं लॉक होतं. चाप ओढला की घोडा सोडणारी जी कळ बंदुकीच्या कुशीत बसवलेली असते, तिला धंद्यात लॉक म्हणतात. दोन नळ्या, म्हणून दोन लॉकं. डावं त्यानं आधीच काढून फडक्यावर ठेवलं होतं. उजवं हातात होतं, आणि हात खाली जाईना.

बंदूक निपाणीची. तिथल्या तंबाखूच्या एका जुन्या वखारवाल्या घराण्यातली. आजोबांनी घेतली, वडिलांनी सांभाळली, आता वडील गेले. लायसन वडिलांच्या नावावर, म्हणून कायद्याप्रमाणे ती दुकानात जमा झालेली. नातू रविराज पुण्यात नोकरीला, सध्या ह्याच कामासाठी निपाणीत. त्याला बंदूक नको होती, पैसे हवे होते, आणि तसं म्हणायला तो लाजतही नव्हता. नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनच्या एका कंपनीचं नाव कोरलेलं होतं. ते मोबाईलवर टाकून पाहिल्यापासून गडी हवेत होता. "मिस्त्री, पाच-सहा लाख कुठं गेले न्हाईत बघा," असं तो येताजाता म्हणायचा. कोल्हापूरचा एक शौकीन घ्यायला तयार होता, त्याची अट एवढीच की बेळगावच्या परशराम मिस्त्रीनं बनवणारा कोण ते सांगावं आणि किंमत लिहून द्यावी. आता पट्टीवरचं नाव वाचून बनवणारा ठरवायचा असता तर मिस्त्री कशाला लागतो? पाटी काय, कुणीही वाचतं. परशरामनं नळ्या उतरवल्या, पालथ्या घातल्या, भिंग लावलं. मुकुटाखाली दोन काठ्या आडव्यातिडव्या, म्हणजे चाचणीचा शिक्का बर्मिंगहॅमचा. लंडनवाल्यानं माल तिथून घेतला आणि आपलं नाव घातलं, सरळ हिशोब. शंभर-सव्वाशे वर्षांची, हातानं केलेली, चांगल्या घरची, पण राजघराण्यातली नव्हे. पाच-सहा लाख विसरा, लाख-सव्वा लाख धरा. इथवर त्याला फार मजा येत होती. नळीखाली चार आकडी नंबर होता, डाव्या लॉकच्या आतल्या अंगालाही तोच नंबर. मग उजवं काढलं, उलटं केलं, आणि तिथं नंबरच नव्हता.

नंबर नव्हता, पण काम होतं. असं काम की आधी त्याचा जीव हरखून गेला, मत्सर मागाहून आला. खरं तर एवढ्या एका गोष्टीबद्दल तरी देवानं त्याला माफ करावं. लॉकच्या पट्टीची कड कुंद्याच्या, म्हणजे दस्त्याच्या, लाकडाशी अशी मिळालेली की मध्ये केस जाणार नाही. आतली स्प्रिंगची कमान टोकाकडं बारीक होत गेलेली, कुठं टप्पा नाही, कुठं घाई नाही. त्यानं अंगठ्यानं घोडा मागं ओढला. कट, आणि पुन्हा कट. दोन आवाज, मधलं अंतर सारखं. मग डाव्याचा ओढला. बर्मिंगहॅमच्या डाव्या लॉकचा दुसरा आवाज किंचित फुटका होता. त्याला वाटलं, हे लॉक गालाला लावावं. त्याच घटकेला वाटलं, फरशीवर टाकून टाचेनं चेपावं. कारण तोपर्यंत त्याची नजर घोड्यावर गेली होती. घोडा मासोळीच्या आकाराचा, डाव्याच्या जोडीचा, शेपूट वर उचललेली, आणि नंबर नाही म्हटल्यावर ती शेपूट त्यानं ओळखली. चार महिने तो ह्या शेपटीपाठी लागला होता. दोघे भाऊ लागले होते.

एकोणीसशे एकोणनव्वद साल. आप्पा तेव्हा ह्याच दुकानाचे मिस्त्री, आण्णाप्पा मिस्त्री म्हणून खानापूर-कणकुंबीपर्यंत नाव. रानडुकरं राखायला लायसनच्या बंदुका असलेले शेतकरी पायी चालत त्यांच्याकडं यायचे. एक दिवस आप्पांनी मोडलेल्या लॉकचे तुकडे रुमालात बांधून घरी आणले आणि दोन्ही पोरांसमोर टाकले. म्हणाले, हा नमुना, दोघांनी एकेक करा. बंदूक कुणाची, कुठली, काही नाही. बंदूक दुकानात कुलपात, तिचं तोंडसुद्धा पोरांनी पाहिलं नाही. शिकाऊ काम म्हणून दोघे घरामागच्या शेडमध्ये कानशी घेऊन बसले, एक ह्या व्हाइसच्या पकडीवर, एक त्या. रवळू शीळ घालत कानस मारायचा. परशराम दात दाबून मारायचा. रवळूची कमान तुटायची आणि तो हसायचा, परशरामची तुटली की तो जेवायचा नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. शेवटी एकदाचं परशरामचं झालं. त्यानं ते आप्पांसमोर ठेवलं. आप्पांनी उचललं, खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी तो चिकोडीला मुलगी बघायला गेला. मामाकडं सहा दिवस राहिला. परत आला तेव्हा ते लॉक ठेवलेल्या डब्यात नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. भंगारात गेलं असणार, दुसरं कुठं जाणार? पुढं आठवड्याभरानं, एक साधा स्क्रू वाकडा बसला म्हणून, आप्पा त्याला म्हणाले, "रवळूचा हात बघ जरा. शीक त्याच्याकडनं." धाकट्याकडनं! ते वाक्य त्याच्या छातीत असं बसलं की नंतर लग्न झालं, पोरं झाली, घरावर स्लॅब पडला, पण ते हललं नाही.

आणि आज ते वाक्य हातात धरून तो उभा होता. चार-पाच तोळ्यांचं, तेल लावलेलं, मासोळीच्या शेपटीचं. त्याचं भंगारात गेलं आणि रवळूचं इंग्रजाच्या बंदुकीत बसलं, एवढा साधा अर्थ. आप्पांनी वरनं स्वतः पॉलिश करून, आगीत टणक करून, रंग चढवून जुन्यासारखं केलेलं, त्यामुळं कानशीची खूण शोधून सापडणार नव्हती. पण खूण कशाला हवी? असं काम आपल्या हातचं नव्हे, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. पस्तीस वर्षं तो ह्याच टेबलावर बसत होता. निवडणुका आल्या की पोलिसांत जमा करायच्या आधी तालुक्यातल्या बंदुका त्याच्याकडं यायच्या, लष्करातले रिटायर साहेब यायचे, गोव्याहून माणसं यायची. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. आणि हा प्रत्येक वेळी मनात म्हणायचा, अरे, खरा हात निपाणीत गेट बनवतोय. ह्यात नम्रपणा होता असं समजू नका. जळफळाट होता नुसता.

रवळूनं त्याच दसऱ्याला धंदा सोडला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं पिशवी भरली. "मला बंदुकीत रस न्हाय, अण्णा," परशरामला म्हणाला हसत हसत. हेही परशरामला सोसलं नव्हतं. ज्याच्याकडं आहे तो टाकून जातो, आणि ज्याच्याकडं नाही तो उगाळत बसतो! आप्पांनी त्याला थांबवलं नाही. उलट त्यानंतर घरात रवळूचं नाव जास्तच निघायला लागलं. रवळूचा हात असा, रवळूची नजर तशी. परशरामच्या वाट्याला कधी एक अक्षर आलं नाही. तसा आप्पांचा स्वभावच होता तो. कुणाच्या तोंडावर बरं बोलायचं नाही, तोंडावर बोललं की हात नासतो म्हणायचे. आईच्या हातची आंबोळी आवडली तर शेजारच्या मालुबाईला जाऊन सांगायचे, आणि आईला ते संध्याकाळी मालुबाईकडून कळायचं. गिऱ्हाईक त्यांच्या कामाला वाहवा म्हणायला लागलं तर ते चक्क उठून आत जायचे. हे सगळं परशरामला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण माणूस जळत असला की माहीत असलेलं त्याच्या काय कामाला येतं?

निपाणीला जायची वेळ आली की तो रवळूच्या घरी जायच्या आधी त्यानं केलेली गेटं बघायचा. खोटं वाटेल, पण खरं आहे. कुठल्या बंगल्याचं गेट भावानं केलंय ते त्याला पाठ होतं. रस्त्यानं सहज चालल्यासारखं करत तो बिजागरीवर बोट फिरवायचा, वेल्डिंगच्या शिवणीवर नख ओढायचा. एकदा एका डॉक्टरच्या गेटावर त्याला वेल्डिंगचा खडा लागला. खरखरीत, न घासलेला. महिनाभर त्याला झोप छान लागली. आणि त्याच खेपेला रवळूनं त्याला पोटभर मटण खाऊ घालून, बसस्टँडवर पिशवीत काजू कोंबून, "अण्णा, तब्येतीला जप," म्हणून डोळ्यांत पाणी आणलं होतं. त्याचं हे असलं प्रेम म्हणजे आणखी एक त्रास. भाऊ वाईट असता तर निदान उघड भांडता आलं असतं. अकरा वर्षांपूर्वी आप्पा गेले तेव्हा शेवटच्या दिवसांत शुद्धीत नव्हते. उशाशी परशराम, पायाशी परशराम, लघवीचं भांडं उचलायला परशराम, आणि आप्पा विचारत होते, "रवळू आला काय रं?" मरणारा माणूस लांबच्या लेकरालाच विचारणार, जवळच्याला काय विचारायचं असतं! असं त्याची बायको जयाबाई त्या वेळी त्याला म्हणाली होती. बायका समजूत घालतात. त्यानं ती घालून घेतली नाही.

"झालं काय, मिस्त्री?" दुकानाचा मालक नागेंद्र कॉम्प्युटरवरून विचारत होता. तिशीतला, आजोबांच्या गादीवर बसलेला, घरी कन्नड बोलणारा, गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारा. "निपाणीवाले सकाळपासनं चार फोन केले. लेटर टाईप करून टाकू या की."

"घ्या," परशराम म्हणाला. "नळ्या बर्मिंगहॅमच्या, नाव लंडनच्या दुकानाचं. कुंदा मूळचा. डावं लॉक मूळचं, नंबर जुळतो." नागेंद्रची बोटं ते इंग्रजीत उतरवत चालली होती. परशराम थांबला. इथं त्याला थांबता आलं असतं. उजवं नंतरचं आहे, एवढं लिहिलं असतं तर ते खरं होतं आणि पुरेसं होतं. नाही तर लिहायचं की नंतरचं आहे, पण मूळच्यापेक्षा सरस आहे. तेही खरं होतं, आणि कोल्हापूरच्या शौकिनाला ते वाचून आनंदच झाला असता. त्याला दिसलं, त्या शौकिनाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ही बंदूक, आणि पाव्हण्यांना तो उजवं लॉक दाखवून सांगतोय, हे आपल्या बेळगावच्या माणसानं केलंय. कुणी? विचारतील. आणि शोधत निपाणीला जातील. परशरामनं लॉक फडक्यावर पालथं टाकलं.

"उजवं लॉक मूळचं न्हाय," तो म्हणाला. "नंतर बसवलेलं गावठी काम. हलकं. काढून नवीन टाकावं."

नागेंद्रनं मान वळवली. उठून टेबलाशी आला, दोन्ही लॉकं हातात घेऊन बघितली. "हलकं? मला तर हेच छान दिसतंय, मिस्त्री."

"दिसतंय. दिसण्यावर काय हाय? बार उडवताना कळतंय."

"न्हाय, तुम्ही म्हणताय म्हणजे असणार." नागेंद्र परत जाऊन बसला. किंमत साठ हजार धरली. प्रिंट निघाली, दुकानाचा शिक्का बसला, खाली परशरामनं सही केली. आप्पांसारखीच, नावाखाली एक रेघ ओढून. पाच मिनिटांत कागदाचा फोटो निपाणीला गेला, तिथून कोल्हापूरला. तासाभरात तिकडून उत्तर आलं. साठ मान्य, ते गावठी लॉक तेवढं तिथंच काढून फेका, आम्ही आमच्या माणसाकडून दुसरं बसवून घेतो. रविराज जरा कुरकुरला, मग गप्प झाला. पाच लाखांवरून साठ हजारांवर आलेला माणूस फार बोलत नाही.

दुपारी परशराम घरी जेवायला गेला. लॉक फडक्यात बांधून त्यानं खिशात टाकलं होतं, फेकायचंच होतं म्हणून. भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. जयाबाई म्हणाली, "काय झालं? तोंड असं का केलाय?" तो काही नाही म्हणाला. खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं. पस्तीस वर्षांनी हिशोब चुकता झाला, शिक्क्यानिशी, सहीनिशी. वाटत मात्र होतं असं की आपण एखाद्या झोपलेल्या माणसाच्या पाठीत बुक्की मारून आलोय. ज्याला मारलं त्याला पत्ताच नाही. हे काही खरं नव्हे. रवळूला कळायला हवं. त्याचं ते लॉक, आप्पांनी डोक्यावर घेतलेलं, आज भंगारात निघालं, हे त्याला आपल्या तोंडून कळायला हवं, आणि तो काय म्हणतो ते आपण ऐकायला हवं. हा विचार आला आणि त्याला एकदम भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले, अंगणातल्या कट्ट्यावर बसला आणि फोन लावला.

पलीकडं कटरचा कर्कश आवाज होता. मग तो बंद झाला. "बोल की, अण्णा! वैनी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. रवळू, तुमच्या निपाणीची एक बंदूक आलती दुकानात. दुनळी. वखारवाल्यांची."

"मासोळीच्या घोड्याची?"

परशराम कट्ट्यावरनं उठून उभा राहिला. म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. बंदूक कुणाची तेही माहीत होतं. "व्हय. तीच. तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक म्हंजे? आप्पांनी माझ्या समोरच बसवलं की लॉक. बंदूक घरी आणलती त्या दिवशी. तू चिकोडीला गेलतास, वैनीला बघायला."

"मग बसवणारच," परशराम म्हणाला. आवाज साधा ठेवायचा त्यानं ठरवलं होतं, पण तो चढलाच. "तुझंच काम ते. तुझ्यासमोर न्हाय तर कुणासमोर बसवतील?"

"माझं?" रवळू हसला. पहिल्यापासून होतं तसंच, तोंडभर. "माझं कुठलं, अण्णा? तू चिकोडीला गेलास आणि माझी कमान परत तुटली, तवाच आप्पांनी माझं उचलून भंगारात टाकलतं. ते तुझं हाय."

अंगणात जयाबाईनं वाळत घातलेल्या साड्या हलत होत्या. परशरामनं खिशावरनं हात फिरवला. फडक्यातून ती शेपूट हाताला लागली.

"तुझं हाय म्हणतोय," रवळू म्हणाला. "ऐकतोयस न्हवं? मला समोर बसवून आप्पांनी घोडा ओढून आवाज ऐकवला. दोनदा ऐकवला. मग बोलले तुझ्याबद्दल. लई बोलले, आप्पा एवढं बोलतात हे मला तवाच कळलं. खरं सांगू काय, त्याच दिवशी मी ठरवलं. तुझ्या शेजारच्या व्हाइसवर परत बसायचं न्हाय. कसं बसायचं? रोज तू दिसणार, रोज तुझं काम दिसणार. मला सोसलं न्हाय, अण्णा. दसरा झाला आणि गेलतो मी."

"मला कधी एक शब्द बोलले न्हाईत," परशराम म्हणाला. "मला म्हणायचे, रवळूचा हात बघ."

"मला म्हणायचे, परशाचा हात बघ. आप्पा जाईपर्यंत हेच ऐकलं की. गावाकडं आलो की पयलं तेच."

 परशरामला आनंद व्हायला हवा होता, तो कुठंच नव्हता. होता तो वेगळाच जाळ. ते शब्द होते. आप्पांच्या तोंडून निघालेले, त्याच्यासाठी, त्याच्या कामासाठी, आणि ते सगळे रवळूच्या कानात पडले. त्याच्या वाट्याला 'ठेव तिथं' आलं. आयुष्यात एकदाच आप्पा भरभरून बोलले, तेही ह्याच्या पुढ्यात. हे ऐकायलाही रवळूच!

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"कवा?"

"त्या दिवशी. लॉक बसवल्यावर. शब्द सांग मला. जसंच्या तसं."

पलीकडं रवळू आठवत होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. "असं... म्हणजे ते म्हणाले की... चांगलंच म्हणाले रं. आता जसंच्या तसं कुठलं आठवायला? किती वर्सं झाली."

"आठव."

"न्हाय आठवत, अण्णा. मी तवा ऐकत हुतो काय? जळत हुतो. एवढंच ध्यानात हाय की ते बोलत हुते आणि मला वाटत हुतं आता गप्प बसावेत." रवळू थांबला, मग आवाज बदलून उत्साहानं म्हणाला, "बरं ते सोड. आजून चालतंय काय ते? तुझ्याकडंच आलं बघ फिरून, काय नशीब! किमतीच्या कागदावर काय लिवलास?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. सकाळी इंग्रजीतून शिक्क्यानिशी बोलला होताच.

"हलकं काम, म्हणून लिवलं," परशराम म्हणाला. "काढून टाका म्हणून."

 मागं कुणीतरी पुन्हा कटर चालू केला, आणि रवळूनं ओरडून तो बंद करायला लावला.

"माझं समजून?" त्यानं विचारलं.

"व्हय," परशराम म्हणाला.